राखेच्या ठायी शिरोभूषण
(नाताळच्या पर्णचक्राविषयी विचार)

वाचनाचे भाग : यशया ६१:१–३, लूक २:३६–३८



प्रभूच्या जन्मोत्सवाचे दिवस जवळ आले म्हणजे शहरांतील ख्रिस्ती घरांच्या दारांवर हिरव्या पानांचे एक वाटोळे भूषण टांगलेले दिसते. इंग्रजीत त्यास रीथ म्हणतात. आम्ही त्यास पर्णचक्र म्हणू. अलीकडे प्लास्टिकची तयार पर्णचक्रे बाजारात विकत मिळतात, आणि आमच्या केळापूर तालुक्यातील खेड्यांतही ती दिसू लागली आहेत. त्यामुळे मंडळ्यांत दोन पक्ष पडतात. कोणी म्हणतात, ही परक्यांची नक्कल आहे व पवित्र शास्त्रात हिला आधार नाही. दुसरे कोणी काहीच विचार न करता शेजाऱ्याने आणले म्हणून आपणही आणतात, व त्यासाठी उसनवारी करतात. यास्तव या वस्तूचा अर्थ काय, ती कोठून आली आणि आपल्या दारी ती शोभावी तर कोणत्या रीतीने, याचा विचार शास्त्राच्या उजेडात करणे उचित आहे.

१. शास्त्रातील माळा व मुकुट

माळा व पानाफुलांचे मुकुट यांचा उल्लेख शास्त्रात पुष्कळ ठिकाणी आहे, परंतु सर्व ठिकाणी तो सारख्या अर्थाने नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात लुस्त्र नगरातील वृत्तांत आहे. पौलाच्या हस्ते एक पांगळा मनुष्य चालू लागला, तेव्हा लोकांनी पौल व बर्णबा यांस देव समजून ज्यूसाच्या पुजाऱ्याकडून बैल व माळा वेशीपाशी आणविल्या. प्रेषितांनी आपली वस्त्रे फाडली व ते लोकांत धावत गेले. मनुष्यास देवाचा मान देणारी माळ त्यांनी गळ्यात पडू दिली नाही. आमच्याकडे सभासमारंभात हार घेण्यास सदा पुढे असणाऱ्या आम्हां पाळकांनी व मंडळीच्या वडिलांनी हा भाग वर्षातून एकदा तरी वाचावा.

यशया संदेष्ट्याच्या २८ व्या अध्यायात एफ्राइमाच्या मद्यप्यांच्या फुलांच्या मुकुटाविषयी सांगितले आहे. तो मुकुट कोमेजतो व पायांखाली तुडविला जातो. परंतु उरलेल्या लोकांना परमेश्वर स्वतः मुकुटासारखा होईल, असे तेथेच अभिवचन आहे. करिंथकरांस लिहिताना पौल शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला देतो. करिंथ नगराजवळ इस्थमी खेळ भरत असत, आणि जिंकणाऱ्याच्या मस्तकी झाडाच्या पानांचा मुकुट घालीत असत. चार दिवसांत सुकणाऱ्या त्या पानांसाठी धावणारा एवढे श्रम करतो, तर न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण किती करावे, असे प्रेषिताचे म्हणणे आहे. त्या मुकुटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरूनच पहिल्या रक्तसाक्षी स्तेफनाचे नाव आले आहे. पाश्चात्य मंडळ्या त्याचा दिवस २६ डिसेंबर रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी पाळतात.

आणि सर्व मुकुटांत श्रेष्ठ तो काट्यांचा मुकुट. तो रोमी शिपायांनी थट्टेने गुंफला व आपल्या प्रभूच्या मस्तकावर घातला. कोणत्या झाडाचे काटे ते शास्त्र सांगत नाही. तथापि जुन्या परंपरेने एक काटेरी झाड दाखविले जाते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली त्या झाडाच्या नावात ख्रिस्ताचा काटा असा शब्द घातला. ते झाड आपल्या बोरीच्याच जातकुळीतील आहे. ज्या बोरीच्या फांद्या आपण शेताच्या कुंपणास लावतो, व जिची फळे थंडीच्या दिवसांत आपली मुले वेचून खातात, तिचे काटे हाती धरून पाहावे. पर्णचक्र दारी लावणाऱ्याने हे विसरू नये की आपल्या राजाच्या कपाळी पहिले चक्र काट्यांचे होते.

हे सर्व ध्यानात घेता, आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी माळांविषयी एवढी सावधगिरी का बाळगली हे समजते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतील कार्थेज येथील तर्तुल्यन या लेखकाने एक ग्रंथ लिहिला. एका ख्रिस्ती शिपायाने लष्करी समारंभात मस्तकी पानांचा मुकुट घालण्याचे नाकारले, त्याचे समर्थन त्या ग्रंथात आहे. त्या काळी तो मुकुट मूर्तिपूजेशी जोडलेला होता. म्हणून ज्यांस आज पर्णचक्र पाहून शंका येते, त्यांची थट्टा कोणी करू नये; त्यांच्यासारखी शंका घेणारे विश्वासू लोक फार पूर्वीही होते.

२. चाकावरील दिवे

आता आपल्या परिचयाच्या पर्णचक्राचा इतिहास पाहू. युरोपात हिवाळ्यात बहुतेक झाडांची पाने गळतात व दिवस फार लहान होतो. अशा वेळी ज्या थोड्या झाडांची पाने हिरवी राहतात, त्यांच्या डहाळ्या घरात आणण्याची चाल तेथे फार जुनी आहे. ख्रिस्ती लोकांनी ती घेतली व तिला नवा अर्थ दिला : हिरवा रंग न मरणाऱ्या जीवनाचा, आणि ज्यास आरंभ व शेवट नाही असे वर्तुळ देवाच्या सनातन प्रीतीचे. हा अर्थ चांगला आहे व आपल्या परिचयाचा आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

परंतु ज्या चक्रावर नाताळपूर्वीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावतात, त्याचा उगम एका दयेच्या कार्यात झाला, हे थोड्यांसच ठाऊक आहे. जर्मनी देशातील हँबुर्ग नगरात योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक प्रॉटेस्टंट उपदेशक होते. त्यांचा जन्म १८०८ साली झाला. त्या नगरात दारिद्र्यामुळे रस्त्यांवर भटकणारी पुष्कळ मुले त्यांनी पाहिली, आणि १८३३ साली अशा मुलांसाठी नगराबाहेर एक घर उघडले. तेथे मुलांना कुटुंबांप्रमाणे लहान लहान गटांत ठेवीत, विद्या देत व हातांस उद्योग शिकवीत.

नाताळ जवळ आला म्हणजे ती मुले रोज विचारीत की अजून किती दिवस राहिले. ज्या मुलांना आयुष्यात कोणी दिलेले वचन पाळलेले नाही, त्यांना वाट पाहणे अवघड जाते. त्यांस वाटते की हेही फोल ठरेल. विखर्न यांनी १८३९ साली गाडीचे एक लाकडी चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या : चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या, आणि मधल्या दिवसांच्या वीस लहान तांबड्या. रोज एक मेणबत्ती अधिक पेटे. मुले मोजीत, आणि उजेड रोज वाढत असलेला आपल्या डोळ्यांनी पाहत. पुढे त्या चाकास हिरव्या डहाळ्या गुंडाळू लागले, मेणबत्त्या चारच राहिल्या, आणि विसाव्या शतकात ही चाल एका मंडळीतून दुसरीत पसरली. रोमन कॅथलिक मंडळीनेही ती घेतली. १९२५ साली कोलोन नगरातील एका कॅथलिक देवळात असे चक्र प्रथम लावले गेले.

तर वाचकहो, हे चक्र श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी निर्माण झालेले नव्हते. ज्यांस घर नाही, ज्यांच्या जिवास आनंदाची खात्री नाही, अशा लेकरांना धीर देण्यासाठी ते टांगले गेले. त्याचा मूळ उद्देश वाट पाहण्यास शिकविणे हा होता. हे ज्याने ओळखले त्याने पर्णचक्राचा अर्थ अर्ध्याहून अधिक ओळखला.

३. आपल्या गावाची रीत

हे परके आहे काय? गाडीचे चाक आम्हांस परके नाही. तुंबा, आरे व लोखंडी धाव यांचे ते लाकडी चाक ज्या बैलगाड्यांस असे, त्या गाड्यांतूनच आपल्या वाडवडिलांनी कापूस बाजारास नेला. आता रबरी टायरच्या गाड्या व ट्रॅक्टर आले आणि जुने चाक कित्येकांच्या गोठ्यामागे पडून आहे. पानांचे तोरणही आम्हांस परके नाही. पोळ्याच्या दिवशी आपल्या विदर्भात आंब्याच्या पानांचे तोरण बांधतात व त्याखाली सजविलेले बैल उभे करतात. लग्नघराच्या दारी तोरण असतेच. आंब्याचे पान स्वतः कोणत्या देवाचे नाही. ज्याने झाड उगविले त्याचे ते आहे. ते कोणाच्या नावाने बांधले व कोणत्या मनाने बांधले, यावर सर्व अवलंबून आहे.

कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. तेव्हापासून १९१९ साली देवाज्ञा होईपर्यंत त्यांनी हेच शिकविले की महाराष्ट्राने ख्रिस्ताची सेवा आपल्या वाणीने व आपल्या रीतीने करावी. त्यांनी अभंग व कीर्तन ही साधने मंडळीच्या हाती दिली. जे गाण्याविषयी खरे, ते तोरणाविषयीही खरे असावे. म्हणून बाजारातील प्लास्टिकचे चक्र आणण्यापेक्षा बांबूच्या कामटीचे कडे वळवावे, त्यास आंब्याची किंवा जांभळीची पाने बांधावी व मधून मधून झेंडू किंवा शेवंती गुंफावी. ज्याच्या शेतात कापूस आहे त्याने पांढरी फुटलेली चार बोंडे लावावी. मात्र कापूस व सुकी पाने दिव्याच्या ज्योतीपासून दूर असावी. मेणबत्ती नसेल तर पणती पुरे. यासाठी कोणी एक पैसाही कर्ज काढू नये. ज्या प्रभूचा पहिला पाळणा गव्हाण होती, त्याच्या नावाने सावकाराच्या वहीत नाव लिहून घेणे हे त्याचे भजन नव्हे.

पाने आठ दिवसांत सुकतील. सुकू द्यावी. प्लास्टिक सुकत नाही म्हणून ते सनातन जीवनाचे चिन्ह होत नाही. गवत सुकते, फूल कोमेजते, परंतु देवाचे वचन राहते, ही यशयाची शिकवण सुकलेले पानच अधिक चांगली शिकविते.

४. ज्या घरी यंदा सण नाही

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण याच गोष्टीसाठी आम्ही लेखणी हाती घेतली.

आपल्या समाजात अशी रूढी आहे की ज्या घरी वर्षाच्या आत मृत्यू झाला त्या घरी सण करीत नाहीत. ख्रिस्ती झालेल्या पुष्कळ घरांतही ही रूढी चालू आहे. नाताळच्या दिवशी त्या घरी दिवा लागत नाही, गोडधोड होत नाही, आणि कित्येकदा घरची माणसे उपासनेसही येत नाहीत. शेजारी म्हणतात, त्यांच्याकडे यंदा सण नाही. आणि एवढे बोलून पुढे जातात. गीते गाणारी मंडळी वस्तीत दारोदार जाते, परंतु त्या दारासमोर आवाज हळू करते व पाय उचलते.

शोक करणाऱ्याचा मान राखणे योग्य आहे. परंतु त्यास एकटे सोडणे हा मान नव्हे. यशयाच्या ६१ व्या अध्यायात परमेश्वराच्या अभिषिक्ताचे कार्य सांगितले आहे : दीनांस सुवार्ता, भग्नहृदयांस पट्टी, आणि सियोनात शोक करणाऱ्यांस राखेच्या ठायी शिरोभूषण. शोक करणारे लोक पूर्वी डोक्यात राख घालीत. त्याच डोक्यावर परमेश्वर भूषण ठेवितो. मूळ इब्री भाषेत राख या अर्थाचा व शिरोभूषण या अर्थाचा, असे दोन्ही शब्द त्याच तीन अक्षरांचे आहेत; केवळ अक्षरांचा क्रम बदलला आहे. राख झटकून टाका व मग माझ्याकडे या, असे परमेश्वर म्हणत नाही. तो राखेपाशी येतो व तेथेच फेरबदल करतो. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने हाच अध्याय उघडून वाचला, आणि तो आपल्या ठायी पूर्ण झाला असे सांगितले.

मग पानांचे शिरोभूषण प्रथम कोणाच्या दारी शोभेल? ज्याच्या घरी आधीच गोडधोड आहे त्याच्या, की ज्याच्या घरी राख आहे त्याच्या?

पहिल्या नाताळाची कथाच पाहा. मत्तयाने ती लिहिताना बेथलेहेमच्या आयांचे रडणे गाळले नाही. हेरोदाने ज्यांची बाळे मारविली त्यांचा आकांत मागी लोकांच्या दानांपाठोपाठच लिहिला आहे. आणि लूक आपणांस मंदिरात नेतो, तेव्हा बाळ येशूस ओळखून त्याच्याविषयी सर्वांस सांगणारी कोण भेटते? हन्ना. लग्नानंतर सात वर्षांतच तिला वैधव्य आले, व तेव्हापासून ती म्हातारपणापर्यंत उपास व प्रार्थना करीत वाट पाहत राहिली. देवाने आपल्या पुत्राच्या आगमनाची सुवार्ता जिच्या मुखी घातली ती एक विधवा होती.

बंधूंनो, आमच्या गावांत काय चालते ते आपण जाणता. मंगल कार्यात दिवा लावण्यास सवाष्ण बोलवावी आणि विधवेने मागे उभे राहावे, ही रूढी ख्रिस्ती घरांतही मागल्या दाराने आली आहे. उघड कोणी बोलत नाही, परंतु लग्नात, बारशात, नव्या घराच्या प्रार्थनेत ती दिसते. पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढे दुष्काळातील शेकडो अनाथ मुली व विधवा यांना केडगावी आश्रय दिला. त्यांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळ्यांनी विधवेस दिव्यापासून दूर ठेवावे, हे आम्हांस शोभत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष जड आहे. कापसाचे पीक बुडाले, भाव पडला, कर्ज वाढले, आणि घरच्या कर्त्या पुरुषाने आपला जीव दिला, अशी दुःखे यवतमाळ जिल्ह्याने पुष्कळ पाहिली आहेत. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत आपला जिल्हा होता. सरकारी मदत मिळो वा न मिळो, त्या घरातील बाई दुसऱ्या वर्षी पुन्हा कापूस वेचावयास जाते. आणि पुष्कळदा गाव तिच्याकडे असे पाहते की जणू दोष तिचाच आहे. मरण कोणत्या रीतीने आले याची चौकशी करून मग सांत्वन करावे, असे प्रभूने आम्हांस कोठेच शिकविलेले नाही. तो नाइनच्या विधवेस भेटला तेव्हा त्याने प्रश्न विचारले नाहीत. त्यास तिचा कळवळा आला.

५. यंदा काय करावे

म्हणून आम्ही आपल्या मंडळ्यांस तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, आगमनकाळाच्या चार रविवारांसाठी प्रत्येक देवळात आपल्या पानांचे एक चक्र करावे. कोणाकडे जुने लाकडी चाक असेल तर तेच घ्यावे. शब्बाथशाळेतील मुलांनी पाने आणावी व वडील माणसांनी बांधण्यास मदत करावी. काम करता करता मुलांना हँबुर्गच्या त्या पोरक्या मुलांची गोष्ट सांगावी. एकदोन काटेरी फांद्याही त्यात असू द्याव्या, व त्या का आहेत तेही सांगावे.

दुसरी, पहिल्या रविवारचा दिवा मंडळीतील एखाद्या विधवा भगिनीच्या हातून लावावा. तिला आधी घरी जाऊन विनंती करावी. ती संकोचेल तर आग्रह करू नये, परंतु पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे. त्या वेळी हन्नेविषयीचा भाग वाचावा. कोणास हे अमंगल वाटले तर पाळकाने त्यास लूकाचा दुसरा अध्याय नम्रपणे उघडून दाखवावा.

तिसरी, नाताळच्या आदल्या दिवशी गीते गाणाऱ्यांनी लहान लहान चक्रे करावी, व वर्षाच्या आत ज्या घरी मृत्यू झाला त्या प्रत्येक घरी एकेक न्यावे. शोकात असलेला शेजारी ख्रिस्ती नसला तरी तो शेजारीच आहे; त्याची इच्छा असेल तर त्याच्याकडेही जावे. ढोलकी व झांजा घेऊन जाऊ नये. आधी विचारावे, परवानगी असेल तरच आत जावे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, एक प्रार्थना करावी व थोडा वेळ गप्प बसावे. घरच्यांनी सण करावा असा हट्ट धरू नये. चक्र दारी टांगावे आणि एवढेच सांगावे की ज्याची वाट आपण पाहतो तो या दारीही येणार आहे. मग त्या घरास दाण्यांची गरज आहे काय, मुलाच्या शाळेचे काही अडले आहे काय, कापूस वेचण्यास माणसे हवी आहेत काय, हे मंडळीच्या वडिलांनी पाहावे. कारण याकोबाने आपल्या पत्रात सांगितले आहे की उघड्या व भुकेल्या बंधूस केवळ चांगले शब्द देऊन पाठविणे व्यर्थ आहे.

मराठीत पुष्पचक्र हा शब्द आपण बहुधा मृतांस वाहिलेल्या फुलांविषयीच वापरतो. त्यातही आपल्यासाठी एक बोध आहे. जे चक्र कबरेवर ठेवतात व जे नाताळच्या दारी टांगतात, त्यांचा आकार एकच आहे. बेथलेहेमात जन्मलेल्याने कबरेतून उठून ती दोन्ही एक केली. ज्याचा विश्वास त्याच्यावर आहे, त्याने शोकाच्या घरातून आनंदाच्या घरी जाण्यास वर्ष सरण्याची वाट पाहावयास नको. आनंदच शोकाच्या घरी चालत आला आहे.

पहिला दिवा लागतो तेव्हा उजेड थोडाच असतो. तीन वाती अजून काळ्या असतात. परंतु जो एक दिवा लागला, त्याच्या आधारे बाकीच्यांची वाट पाहता येते. आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरे आज त्या पहिल्या दिव्याच्या उजेडात बसली आहेत. त्यांस एकटे बसू देऊ नका.

सर्व सांत्वनाचा देव, ज्याने आपल्या पुत्राच्या मस्तकी काटे सोसले, तो आपल्या गावांतील प्रत्येक शोकग्रस्त घरी राखेच्या ठायी शिरोभूषण देवो, व ते घेऊन जाण्यास आपले पाय त्वरित करो. आमेन.